सुलो हार्यूने बनवलेली तीन झाकणे

पुरवणी जबाब
लेहतोकोस्की पोलीस ठाणे
दिनांक २४ जुलै २०२३, सोमवार, सकाळी १०.२०

नाव: तौनो रिन्ताला. वय: ६७ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी दूध संघाच्या टँकरवर चालक. राहणार: गिरणीरस्ता, लेहतोकोस्की, पोह्यान्मा प्रांत, फिनलंड.

मी वर लिहिलेला तौनो रिन्ताला आज कोणी बोलावले नसताना आपण होऊन ठाण्यात आलो असून वरिष्ठ हवालदार नीना कोस्केला यांच्यासमोर सांगतो की,

दिनांक ८ जुलै रोजी झालेल्या विमान अपघाताबाबत मी ११ जुलै रोजी रुग्णालयात जबाब दिला आहे. त्यातील वेळा, ठिकाणे व उड्डाणाची हकीकत बरोबर आहे. पेट्रोलच्या टाकीचे झाकण मी स्वतः बनवले, असे मी त्यात सांगितले आहे. ते खोटे आहे. ते झाकण माझा मित्र सुलो हार्यू याने बनवले होते.

सुलो व मी, आम्ही दोघांनी मिळून सुलोच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचे, लाकडी सांगाड्याचे लहान विमान बांधले. २००७ साली सुरुवात केली. २०१६ च्या जूनमध्ये ते पहिल्यांदा उडाले. सुलो गावच्या शाळेत हस्तकलेचा मास्तर होता. लाकूड, धातू व लेथवरची कामे त्याची. घासणे, कापड ताणणे, रंग देणे, सामान आणणे व कॉफी करणे ही माझी. विमान निम्मे त्याचे व निम्मे माझे होते. सुलो १९ फेब्रुवारी २०२२ रोजी आजाराने वारला. त्याचा हिस्सा त्याची पत्नी हिल्का हिच्याकडे गेला. ती विमान चालवत नाही. तेव्हापासून ते मी एकटाच चालवत होतो.

विमानाला पेट्रोलची एकच टाकी आहे. ती इंजिन व बसणाऱ्यांचे पाय यांच्या मधल्या जागेत असून तिचे झाकण बाहेर, समोरच्या काचेच्या पुढे आहे. टाकीतून पेट्रोल इंजिनाकडे गेले की तितकी हवा वरून आत यावी लागते. ती झाकणावरच्या नळीतून येते. मूळ आराखड्यात साधी, पुढे वाकवलेली नळी दाखवली आहे. पहिल्या उन्हाळ्यात भरली टाकी उन्हात राहिली की पेट्रोल त्या नळीतून वर येऊन काचेवर व रंगावर ओघळत असे. रंग मी दिलेला होता. मी कुरकुर केली. एकदा नव्हे, उन्हाळाभर केली.

त्यावर सुलोने पुढच्या हिवाळ्यात लेथवर नवे झाकण बनवले. त्याच्या नळीत त्याने वाटाण्याहून लहान प्लास्टिकची गोळी बसवली. पेट्रोल वर चढले की गोळी वर जाऊन भोक बंद करते. टाकीला हवा हवी झाली की गोळी खाली सरकते व हवा आत जाते. झाकण हलवले की गोळी आत टकटक वाजे. सुलोने ते माझ्या कानाशी धरून हलवले होते.

तो म्हणाला, “ऐक. वाजतंय ना? म्हणजे टाकी श्वास घेणार.”

मी म्हणालो, “शिंकणार नाही ना?”

तो म्हणाला, “शिंकली तर तुझ्या रंगावर.”

हा बदल आम्ही विमान तपासायला येणाऱ्या निरीक्षकांना सांगितला नाही. ‘झाकण नवे बसवले’ एवढेच विमानाच्या नोंदवहीत लिहिले. अक्षर सुलोचे आहे, सही दोघांची आहे.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, बंद टाकीतून काही ओढून घेतले तर काय होते याची मला कल्पना होती. मी एकतीस वर्षे दुधाचा टँकर चालवला. १९८९ साली एका नवीन चालकाने वरचे झाकण न उघडता पंप चालू केला आणि पोलादाची टाकी आम्हां सर्वांसमोर आत चेपली गेली. तो आवाज मी विसरलेलो नाही. गोळी अडकली तर काय, असे मी सुलोला विचारले नाही. आणखी एखादी नळी असावी का, हेही विचारले नाही. काचेवर डाग पडायचे थांबले, एवढेच मी पाहिले.

८ जुलै, शनिवार. सुलोची मुलगी विर्पी, वय ४३, तांपेरे शहरात ट्राम चालवते. ती सुट्टीसाठी आईकडे आली होती. ती या विमानात कधी बसली नव्हती. वडील दरवर्षी बोलवायचे आणि आपल्याला दरवर्षी काहीतरी काम असायचे, असे ती मला धावपट्टीवर म्हणाली. आम्ही दुपारी २.१० वाजता गवती धावपट्टीवरून निघालो. सुलोचे घर, शाळा, नदीचे वळण हे तिला वरून दाखवले.

२.४७ वाजता इंजिन दोनदा ठसकले. मी पेट्रोलचा जादा पंप चालू केला. इंजिन थोडे सावरले व पुन्हा ठसकले.

विर्पी म्हणाली, “तौनोकाका, हे नेहमी असंच करतं?”

मी म्हणालो, “नाही. पट्टा घट्ट कर.”

इंजिन बंद पडले तेव्हा आम्ही साधारण चारशे मीटरवर होतो. खाली जवाची शेते होती. मी त्यातले सर्वांत लांब शेत धरले. विमान नीट टेकले, पण शेताच्या मधोमध पाणी काढायचा चर होता, तो उंच जवात मला दिसला नाही. पुढचे चाक चरात गेले व विमान नाकावर उभे राहिले. माझ्या तीन बरगड्या मोडल्या. विर्पीला मी पट्टा कापून बाहेर काढले आणि जवात निजवले. ती शुद्धीवर होती.

ती म्हणाली, “काका, माझा पाय उलट्या बाजूला का दिसतोय?”

मी तिच्या पायावर माझे जाकीट टाकले. रुग्णवाहिकेला फोन केला. ती यायला सव्वीस मिनिटे लागली. त्या सव्वीस मिनिटांत मी एकदा तिला सोडून विमानाकडे गेलो. पेट्रोल गळते आहे का ते बघायला जातो, असे तिला सांगितले. पेट्रोल गळत नव्हते. मी टाकीचे झाकण फिरवले. ते हाताला फार जड गेले. सुटले तेव्हा टाकीने बराच वेळ हवा ओढली आणि आत गेलेला पत्रा ढब्ब आवाज करून वर आला. टाकीत निम्म्याहून जास्त पेट्रोल होते. झाकण कानाशी धरून हलवले. वाजले नाही. मी ते खिशात घातले व परत विर्पीजवळ येऊन बसलो. माझा हात तिच्या हातात होता. काय बघितले हे तिने विचारले नाही.

११ जुलै. सकाळी विर्पीच्या पायात सळई बसवली. दुपारी मला तिच्या खोलीत जाऊ दिले. हिल्का खिडकीशी उभी होती.

विर्पी म्हणाली, “काका, काय बिघडलं होतं? बाबांच्या हातचं काही?”

मी म्हणालो, “नाही. टाकीचं झाकण. मी बनवलेलं. सुलो गेल्यावर बदललं मी.”

हिल्काने माझ्याकडे पाहिले व पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. त्यानंतर तासाभराने हवालदार आले. त्यांनाही मी तेच सांगितले व झाकण त्यांच्या ताब्यात दिले. ते कशावर बनवले असे मला कोणी विचारले नाही. माझ्याकडे लेथ नाही व कधी नव्हता.

१९ जुलै, बुधवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास मला योर्मा पेल्तोला याचा फोन आला. तो कुओपिओ शहराजवळ राहतो. त्याचे विमान आमच्याच आराखड्याचे आहे व त्याची सुलोशी जुनी ओळख होती. त्याने पेपरात बातमी वाचली होती. टाकीची हवा अडल्याने इंजिन बंद पडले व झाकण चालकाने स्वतः बनवले होते, असे बातमीत आले होते.

तो म्हणाला, “तौनो, वाईट झालं रे. पोरगी कशी आहे?”

“पायात सळई आहे.”

“मनाला लावून घेऊ नकोस. होते चूक माणसाकडून. मी आत्ताच बायकोला म्हटलं, आपलं नशीब, आपल्याकडे तौनोचं झाकण नाही. आपल्याकडे सुलोचं आहे.”

मी त्याला विचारले की सुलोचे कोणते.

“गोळीवालं रे. वाजणारं. दोन हजार अठराला दिलं त्याने. शनिवारी तलावावरच्या मेळ्याला जातोय आम्ही दोघं, उडतच.”

मी म्हणालो, “योर्मा, उडू नकोस. माझं झाकणही सुलोनेच बनवलेलं आहे. तेच आहे ते.”

तो म्हणाला, “पेपरात तसं नाहीये.”

“पेपरात मी सांगितलं तसं आलंय.”

“आणि आता असं सांगतोस. माणूस मेल्यावर त्याच्यावर ढकलतोस? नऊ वर्षं त्याच्या गॅरेजमध्ये त्याची कॉफी प्यालास तू.”

कॉफी मीच आणत असे, पण ते मी बोललो नाही. त्याने फोन ठेवला. मी चार वेळा पुन्हा केला. त्याने उचलला नाही.

२० जुलै, गुरुवार. मी पहाटे पाच वाजता गाडीने निघालो. बरगड्यांमुळे दोन ठिकाणी थांबावे लागले. साडेदहाला योर्माच्या घरी पोहोचलो. तो विमान धूत होता. त्याने मला पाहून फडके बादलीत टाकले.

तो म्हणाला, “कॉफी पिऊन जा. झाकणाला हात लावायचा नाही.”

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “साडेतीनशे किलोमीटर आलाय माणूस, मोडक्या बरगड्या घेऊन. हलव की एकदा. हलवायला काय जातं तुझं?”

योर्माने झाकण काढले व कानाशी धरून हलवले. मग दुसऱ्या कानाशी धरून हलवले. मग त्याच्या बायकोने ते त्याच्या हातातून घेऊन हलवले.

ती म्हणाली, “तू बहिरा आहेस हे माहीत आहे. मी कधीपासून झाले?”

आम्ही तिघे स्वयंपाकघरात बसलो. योर्माने नळीत काडेपेटीची काडी घालून गोळी ढकलली. ती चिकटत चिकटत खाली गेली व तिथेच राहिली. ती फुगली होती. नवी असताना ती सहज घरंगळत असे.

योर्मा म्हणाला, “आणि मी तर अठ्ठ्याण्णव नंबरचंच पेट्रोल भरतो. सुलोने बजावून सांगितलं होतं. पंचाण्णवमध्ये अल्कोहोल जास्त, ते प्लास्टिकला खातं, म्हणाला. अठ्ठ्याण्णव भरून ही गत. पंचाण्णव भरलं असतं तर?”

मी काडी परत काडेपेटीत ठेवली.

त्याने झाकण पिशवीत घालून माझ्याकडे दिले. फोनवर बोलला त्याबद्दल तो काही म्हणाला नाही, पण गाडीपर्यंत आला आणि माझा पट्टा बरगड्यांवर येऊ नये म्हणून स्वतः लावून दिला. मग म्हणाला की, २०१८ साली तो झाकण न्यायला आला तेव्हा सुलोच्या टेबलावर तसेच आणखी एक होते. ते कोणासाठी, हे त्याला आठवत नव्हते. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूस सुलो ‘सु. हा.’ अशी अक्षरे ठोकत असे, हे त्याने मला पिशवीतले झाकण उलटे करून दाखवले. ती आमच्या झाकणावरही असणार, पण मी ते कधी उलटून पाहिले नव्हते.

सुलोने ही झाकणे इतरांना दिली हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

२१ जुलै, शुक्रवार. सकाळी अकराच्या सुमारास मी हिल्काकडे गेलो. विर्पी रुग्णालयातून आईच्या घरी आली होती व मागच्या खोलीत झोपली होती, असे हिल्का म्हणाली. हिल्का नवे बटाटे ब्रशने घासत होती. शेपूची जुडी टेबलावर होती. मी बसलो नाही.

मी म्हणालो, “हिल्का, सुलोने ती झाकणं कोणाकोणाला दिली?”

ती घासत राहिली. म्हणाली, “म्हणजे आता तुझी नाहीत ती.”

मी म्हणालो, “तुला माहीत होतं?”

ती म्हणाली, “तौनो, तुझ्या घरातला बल्ब बदलायला सुलो यायचा. तू लेथवर झाकण केलंस? रुग्णालयातच कळलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू का बोललास तसं? त्यासाठीच मी गप्प बसले. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. पोरीच्या पायाकडे बघत होते मी.” तिने ब्रश ठेवला. “दहा दिवस गप्प बसलेय. आता काय झालं?”

मी तिला योर्माचे सांगितले. तो व त्याची बायको शनिवारी उडणार होते हेही सांगितले. तिने हात पुसले व खुर्चीवर बसली. तेवढ्यात मागच्या खोलीतून विर्पीचा आवाज आला.

“आई, दार उघड. अर्धं ऐकलंय, उरलेलं तोंडासमोर बोला.”

हिल्काने दार उघडले. विर्पी पाय उशीवर ठेवून पलंगावर बसली होती.

ती मला म्हणाली, “बाबांचं होतं ते?”

मी हो म्हणालो.

ती आईला म्हणाली, “आणि तुला माहीत होतं.”

हिल्का म्हणाली, “तुला आणखी त्रास नको म्हणून.”

विर्पी म्हणाली, “मी रोज शेकडो माणसं घेऊन गाडी चालवते, आई. मला काय पेलतं ते मी बघेन. तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासाठी एक खोटं शिवलंत, आणि तिकडे ती बाई नवऱ्याशेजारी बसून उडणार होती.” मग ती रडली. हिल्का पलंगावर बसायला गेली तर तिने हात दाखवून थांबवले. थोड्या वेळाने म्हणाली, “तिसरं कोणाकडे आहे?”

आम्ही सुलोच्या वह्या काढल्या. त्यात तीन झाकणांची मापे आहेत, नावे नाहीत. दुपारी विर्पी कुबड्यांवर टेबलाशी आली व जेवताना हिल्काला आठवले. ती म्हणाली की २०१८ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडचा एक जाडा माणूस आला होता, त्याने धुरी दिलेले मासे आणले होते आणि तो सौनाच्या गरम वाफेच्या खोलीत झोपी गेला म्हणून सुलोने त्याला पाय धरून बाहेर काढले होते. नाव आर्ने. आडनाव तिला आठवले नाही. विर्पीने विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेला फोन लावून उत्तरेकडचे आर्ने विचारले. एकच निघाला. आर्ने केतोला, औलू शहराच्या पुढे राहणारा.

२.३५ वाजता मी त्याला फोन केला. विर्पीच्या सांगण्यावरून आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. फोन त्याने स्वतः उचलला. मी नाव सांगून विचारले की तो सध्या उडतो का.

तो म्हणाला, “कसला उडतोय! मे महिन्यापासून जमिनीवर आहे. चालू केलं की पंधरा मिनिटांत इंजिन मरतं. दोन कार्बोरेटर बदलले, वायरी बदलल्या, मेव्हण्याशी भांडण झालं. तो म्हणतो तुला जमत नाही.”

मी विचारले, “पेट्रोल कोणतं?”

“पंचाण्णव. इथे दुसरं कुठे मिळतं?”

मी त्याला झाकण काढून कानाशी हलवायला सांगितले. तो विमानाकडे गेला. आम्ही तिघे टेबलाशी थांबलो. बऱ्याच वेळाने तो परत फोनवर आला.

तो म्हणाला, “वाजत नाही. वाजायला हवं का?”

हिल्काने तोंडावर हात ठेवला. मी आर्नेला सगळे सांगितले. त्याने झाकण पोस्टाने पाठवतो म्हणून सांगितले. मेव्हण्याची माफी मागावी लागेल, असेही म्हणाला. मग त्याने विचारले, “सुलो कसा आहे?” त्याला माहीत नव्हते. हिल्काने फोन घेतला व त्याच्याशी बोलली.

फोन ठेवल्यावर विर्पीने मला विचारले, “काका, बाबा कोणतं भरायचे?”

मी सांगितले की सुलो अठ्ठ्याण्णव नंबरचे भरत असे. ते आमच्या गावात मिळत नाही. त्यासाठी तो अडतीस किलोमीटर जाऊन डबे भरून आणत असे.

ती म्हणाली, “आणि तुम्ही?”

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, याचे उत्तर मी ११ जुलैच्या जबाबात दिलेले नाही, कारण मला कोणी विचारले नव्हते व मी सांगितले नव्हते. सुलो वारल्यानंतर पहिला उन्हाळा त्याने आणून ठेवलेले डबे मी वापरले. ते संपल्यावर, सप्टेंबर २०२२ पासून, गावच्या पंपावरचे पंचाण्णव नंबरचे भरू लागलो. अठ्ठ्याण्णवच भर, असे सुलोने मला सांगितले होते. कधी सांगितले, किती वेळा सांगितले हे सांगता येणार नाही, कारण मी लक्ष देत नव्हतो. गोळीचे कारण त्याने सांगितले असेलही. तो नेहमी कारण सांगत असे. मला ती त्याची मास्तरकी वाटे. शेवटच्या आजारात एकदा मी त्याच्याकडे बसलो असता तो डब्यांबद्दल काही बोलत होता. मी म्हणालो, “असू दे रे, मी बघतो.” त्याला बोलताना धाप लागत होती व ते मला बघवत नव्हते.

म्हणजे ११ जुलै रोजी, जे मी केले नव्हते ते मी अंगावर घेतले आणि जे केले होते ते सांगितले नाही. झाकण माझे, असे म्हणताना मला बरे माणूस असल्यासारखे वाटत होते. पेट्रोलचे सांगताना तसे वाटत नाही.

हे मी विर्पीला त्याच टेबलाशी सांगितले. तिने बटाटे बाजूला सारले. मग म्हणाली, “हे पोलिसांत जाऊन सांगा. सगळं. पेट्रोलचंही.” मी हो म्हणालो. मी निघताना ती माझ्याशी बोलली नाही. तिला ट्रामवर परत कधी बसता येईल हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. शनिवार-रविवार ठाण्यात जबाब घेणारे कोणी नसते, म्हणून आज आलो.

माझी मागणी अशी की, अपघात तपास करणाऱ्यांनी अशा झाकणांबाबत जी सूचना काढायची ती सुलो हार्यू याच्या पूर्ण नावाने काढावी व आतल्या ‘सु. हा.’ या अक्षरांचे छायाचित्र द्यावे. वहीत मापे तीन झाकणांची असली तरी त्याने आणखी कोणाला दिले असल्यास ते आम्हांला ठाऊक नाही. तो वस्तू देत असे व विसरत असे. याबाबत मी काल हिल्काला विचारले. नावाशिवाय जमेल का ते विचारून बघतो, असेही म्हणालो.

ती म्हणाली, “तौनो रिन्तालाचं झाकण कोण शोधणार? कोणाकडे आहे ते? लोकांकडे सुलोचं आहे. त्याचं नाव घाल. पूर्ण घाल, आडनावासकट, म्हणजे मिशीवाला सुलो की मास्तर सुलो असा घोळ नको.”

मी म्हणालो की लोक बोलतील.

ती म्हणाली, “बोलू देत. त्याच्याकडून झाकण घेतलेला एक जरी माणूस वाचला तरी सुलोला ते चाललं असतं. तो असता तर स्वतः फोन करत बसला असता, एकेकाला, आणि प्रत्येकाला कारण सांगितलं असतं.”

सुलो हार्यू व तौनो रिन्ताला या दोघांच्या चुकीमुळे झालेल्या या अपघाताच्या तपासासाठी योर्मा पेल्तोला याचेकडील झाकण मी पिशवीसह आज हवालदारांच्या ताब्यात देत आहे. सुलोची मापांची वही हिल्काच्या संमतीने देत आहे. आर्ने केतोला याचे झाकण पोस्टाने आल्यावर आणून देईन. गावच्या पंपावरील पेट्रोलच्या माझ्याकडे असलेल्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. मला ठाण्यापर्यंत हिल्काने गाडीने आणले. विर्पी मागच्या आसनावर पाय लांब करून बसून आली आहे. ती आत आली नाही.

वरील मजकूर हवालदारांनी टाइप करून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी ‘मयत सुलो हार्यू याच्या चुकीमुळे’ असे शब्द होते. ते मी थांबवून ‘सुलो हार्यू व तौनो रिन्ताला या दोघांच्या चुकीमुळे’ असे करून घेतले. हवालदारांनी विचारले की नक्की ना. मी म्हणालो, विमान दोघांचे होते. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

तौनो रिन्ताला
(सही)

समक्ष: नीना कोस्केला, वरिष्ठ हवालदार
वेळ: दुपारी १२.०५